वाव

कराडच्या चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी आम्ही अकरा जण.
पंखा एकच, तोही पाळकांच्या डोक्यावर.
गोष्ट शास्त्यांच्या काळातली:
गिलादचा सरदार लढाईला निघताना देवाला बोलला,
जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं बाहेर येईल
ते तुझं होईल, आणि मी त्याचा होम करीन.
जिंकला.
डफ वाजवत, नाचत बाहेर आली ती एकुलती एक मुलगी.

सरदाराचं नाव शास्त्रात आहे. मी लिहीत नाही.
मुलीचं नाहीच.
नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या वहीवर मी तीस वर्षं बसले,
बारशाआधी गेलेल्या लेकरांचा रकाना
आडवी रेघ मारून सोडायचा असतो.
ती रेघ माझ्या मनगटात अजून आहे.

रेव्हरंड चक्रनारायण म्हणाले, ही सावली,
पुढे यायच्या क्रुसाची.
बाप देतो, लेकरू होय म्हणतं.
खरंय, म्हणाली होती ती: बाबा, शब्द दिलाय ना, मग करा.
पण सावली पडायला
कुणीतरी आधी उन्हात उभं राहावं लागतं.
आणि क्रुसावरचा तिसऱ्या दिवशी उठला,
हिच्यासाठी कुणी धोंड सरकवली नाही.

पुण्याहून शिकून आलेला अनुग्रह म्हणाला,
त्या मुलखात बायका दरवर्षी चार दिवस शोक करायच्या.
शोक आधीचा असावा, गोष्ट मागून चिकटली.
असेल बाबा.
रडायला कारण शोधत बसलेल्या बायका
माझ्या पाहण्यात नाहीत.

मग थोरात गुरुजी खाकरले.
इब्रीत 'आणि'ला एकच अक्षर, म्हणाले, नाव त्याचं वाव.
आपला 'व'च म्हणा ना.
पण त्याचा अर्थ 'किंवा'ही होतो.
देवाचं होईल, किंवा होम करीन.
म्हणजे जाळली नाही तिला. नुसती वाहिली.
राहिली असेल जन्मभर कुवार, देवाच्या दारी.
सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.
वाव मिळाला.

नुसती वाहिली.

इथून पाल कितीसं लांब?
माझ्या पणज्याचा मुलगा तापानं निपचित पडला होता,
पणजा खंडोबाला बोलला, हा उठू दे, ठकी तुझी.
उठला. तो माझा आजा.
ठकीला सातव्या वर्षी, पौषात,
भंडाऱ्यात न्हाऊ घालून देवाशी लावली,
गळ्यात नऊ कवड्या.
तिकडच्या मुलीनं निदान दोन महिने मागून घेतले होते,
मैत्रिणींबरोबर डोंगर हिंडायला.
हिनं वाटेत भेंडबत्तासे मागितले म्हणतात.
तिलाही कुणी जाळलं नाही.
रात्र रात्र नाचवली. पुढचं घरात कुणी सांगत नसे.
म्हातारपणी मिशनच्या दवाखान्यात आणली,
केसपेपरवर नवऱ्याचं नाव विचारलं
तर म्हणाली, खंडोबा.
कारकून हसला.
आजा तिच्या खाटेशी बसायला गेला
तो पुढे तिथल्याच देवाचा झाला.
मी त्या नवसाच्या जगलेल्या बाजूची नात.

यातलं मी काही बोलले का? नाही.
चष्मा पुसला. शेवटची प्रार्थना मलाच सांगितली,
ती केली, नेहमीचीच.

शनिवार पेठेतून चालत घरी आले.
फाटक वाजलं तशी आतून एस्तेर सुटली,
भाचीची पोर, पाच वर्षांची,
हातात ताटली, तिच्यावर चमचा बडवत.
मी पायरीखालीच थांबले.
सकाळी गुडघा ठणकला तेव्हा
देवा, एवढं बरं कर, म्हणाले होते.
पुढचं वाक्य
पुरं केलं होतं का मी?